भिंतीलगतचा ओक

दिगंबर,

तुझं तेरावं झालं. लातूरकडचे पाहुणे परत गेले, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, गल्ली पुन्हा पहिल्यासारखी झाली. झाड मात्र होतं तिथंच आहे, माझ्या अंगणात, आपल्या दोघांच्या भिंतीला खेटून. ते काढायचं की ठेवायचं यावरून आपलं भांडण चालू असताना तू मध्येच उठून गेलास. टूलरूमवाल्यांची ही जुनी खोड, अवघड काम आलं की दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचं. शेवटी या आठवड्यात ते भांडण मला एकट्याला पुरं करावं लागलं. कसं केलं ते तुला सांगायला हवं. तुझं ऐकलं की नाही हे तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सोसायटीच्या लोकांनी शोकसभा घेतली. "तुम्ही भिंतीला भिंत लागून राहणारे, शिवाय एकाच कंपनीतले, दोन शब्द बोला," म्हणाले. मी उभा राहिलो, "दिगंबर माझा शेजारी होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. पुढं काय बोलणार? तू टूलरूमला, मी क्वालिटीला. तू बनवायचं आणि मी नापास करायचं, अशी आपली जोडी कंपनीनंच लावून दिलेली. नोकरीभर मी तुझ्या कामात खोट शोधत राहिलो आणि ती फार क्वचित सापडली. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आठवडाभर चहा पाजायला लावला असतास. तुझं काम टेबलावर आलं की मी ते मोजायचो ते केवळ नियम होता म्हणून.

ते झाड आपल्या गल्लीत आलं कसं, हे नवीन राहायला आलेले लोक मला अजून विचारतात. उत्तराखंडात कंपनीनं नवा प्लांट टाकला, तेव्हा मशीन बसवायला तुला काही महिने तिकडं पाठवलं होतं. एका सुट्टीला तू नैनितालच्या वर डोंगरात फिरायला गेलास. लोक तिथून शाली आणतात, मेणबत्त्या आणतात. तू जेवणाच्या डब्यात, ओल्या रुमालात गुंडाळून बिया आणल्यास. प्रत्येकीच्या डोक्यावर छोटी टोपी.

"ओक हाय, इन्स्पेक्टर," तू म्हणालास. तू मला कायम इन्स्पेक्टरच म्हणायचास, रिटायर झाल्यावरही.

ओक हे तोपर्यंत मला फक्त आडनाव म्हणून माहीत होतं. तिकडं त्याला बांज म्हणतात, तो बारा महिने हिरवा राहतो, त्याची बी सुकली की मेली, हे सगळं तू भिंतीवर कोपर टेकून मला ऐकवलंस. बिया सुकू नयेत म्हणून तू त्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या होत्यास. सुमनवहिनींना वाटलं, नवऱ्यानं डोंगरातून सुपारी आणली. त्यांनी एकीला अडकित्ता लावला. त्यावरून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, तर त्या म्हणाल्या, "बोलू नका. तेवढाच घराला इसावा."

या झाडाचं मूळ आधी खोल जातं आणि मग वर कोंब दिसतो. साधी कुंडी उथळ पडेल म्हणून तू ड्रेनेजच्या पाइपाचे हातभर लांब तुकडे कापलेस, ते उभे चिरलेस आणि तारेनं पुन्हा बांधलेस, म्हणजे लावायच्या वेळी तार सोडून पाइप उघडता येईल आणि मूळ दुखावणार नाही. मी ते पाइप हातात घेऊन बघितले. नापास करण्यासारखं काही सापडलं नाही. बऱ्याच बिया उगवल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक जळाल्या. कुठं नैनिताल आणि कुठं आपल्या कासारवाडीचा मे महिना. तू एक दिवस कॅन्टीनमध्ये माझ्याजवळ येऊन अगदी गंभीरपणे विचारलंस, "तुझ्या स्टँडर्ड रूममधी एक रोप ठिवायला जमंल का?" मापं घ्यायची गेज तपासायची आमची ती खोली वर्षभर इतकी गार असायची की माणसं स्वेटर घालून काम करायची. मी म्हटलं, "साहेबांना काय सांगू? मोजमापाचं नवीन झाड आलंय म्हणून?" तू हसला नाहीस. तुझं खरंच तसं मनात होतं.

शेवटी एक रोप उरलं आणि त्याच्यासाठी तू माझ्याकडे जागा मागायला आलास. तुझ्या अंगणात पुढं पाण्याची टाकी, मागं सेप्टिक टँक, उरलेल्या जागेत दिवसभर ऊन. माझ्या घरावर मजला चढवलेला, त्यामुळं भिंतीच्या कडेला दुपारी सावली.

"तुझ्या अंगणात एक खड्डा पाडू का?"

"किती मोठं होतं हे?"

"तिकडं डोंगरात तर चार माणसांच्या कवेत मावत न्हाई."

"आणि इथं?"

"इथं कुणी बगितलंय, लेका!"

मी हो म्हटलं, कारण मला वाटलं हे काही जगत नाही. हे मी मालतीला तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "दिगंबरभाऊजींनी लावलंय म्हणजे जगणार. तुम्ही आपलं अंगण विसरा." बायकोचे अंदाज माझ्या गेजपेक्षा बरोबर निघतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं असं नाही, पण लक्षात राहिलं ते तेव्हापासून.

आता तुझ्या त्या प्रसिद्ध चुकीकडे येतो. ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्यच नव्हतं. रोप जमिनीत लावलंस आणि आठवड्याच्या आत त्याला फिक्स्चर केलंस. मालतीला मी समजावून सांगितलं, की फिक्स्चर म्हणजे मशीनवर काम चालू असताना नग केसभरही हलू नये म्हणून त्याला जखडून ठेवणारा लोखंडी सांगाडा. ती म्हणाली, "मग झाडावर कुठलं काम चाललंय?" तू लोखंडी अँगलचे दोन खांब काँक्रीटमध्ये रोवलेस, त्यांना आडवे क्लॅम्प बसवलेस, खोडाला लागू नये म्हणून आतून रबर लावलंस. रोप वर गेलं की क्लॅम्प वर सरकवायचास. दर रविवारी आंघोळ झाली की ओळंबा घेऊन यायचास, या बाजूनं, त्या बाजूनं. देवपूजा चुकली तरी ओळंबा चुकला नाही. झाड असं सरळ वाढलं की गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली. मीही एकदा काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. एकदम पास.

दोन-तीन वर्षं झाली आणि पाडव्याच्या दिवशी तू सगळ्यांना बोलावून क्लॅम्प सोडलेस. वहिनींनी नारळ आणला होता. पहिल्यांदा काही झालं नाही. मग झाड हळूहळू वाकायला लागलं, अगदी आदबीनं, आणि त्याचा शेंडा भिंतीवरून तुझ्या अंगणात उतरला. मला हसू आवरेना. तूही हसशील असं वाटलं होतं, पण तू दोन्ही हातांनी खोड धरून तसाच उभा राहिलास. तुझ्या चेहऱ्याकडं बघून माझं हसू थांबलं आणि मी येऊन दुसऱ्या बाजूनं धरलं. मालतीनं आतून साडीचा काठ फाडून आणला, त्यानं आपण ते पुन्हा खांबाला बांधलं. नारळ तसाच राहिला.

पुढच्या रविवारी तू ओळंबा घेऊन आला नाहीस. मग एका संध्याकाळी मला हाताला धरून गल्लीच्या टोकाला नेलंस. तिथं गटाराच्या कडेला आपोआप उगवलेला उंबर आहे. कुणी पाणी घातलं नाही, कुणी बांधलं नाही, म्हशी अंग घासून जायच्या, पोरं लोंबकळायची, आणि खोड असं की हलवून हलत नाही.

"ह्याला रोज कुणी ना कुणी हलवलंय," तू म्हणालास, "म्हणून त्यो घट हाय. आपल्याला थोडा प्ले, हलायला जागा, ठिवाय पायजे हुता, इन्स्पेक्टर. बेअरिंगला ठिवतो, अन् झाडाला ठिवायचं सुदरलं न्हाई."

तू अँगल कापून अर्धे केलेस. सायकलच्या ट्यूबची सैल गाठ मारलीस, वारा आला की झाड हलेल अशी. शेंडा छाटलास, छाटताना तोंड दुसरीकडं केलं होतंस. वर्षभरात खोड बुडाशी जाड व्हायला लागलं आणि त्यानंतर एके दिवशी तू ट्यूबही काढून टाकलीस. कुणाला बोलावलं नाहीस. सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर झाड एकटं उभं होतं, आणि तू भिंतीपलीकडून माझ्या तोंडाकडं बघत होतास.

'फिक्स्चर काढ' हे तेव्हापासून आपल्या दोन्ही घरांत बोलण्यात आलं. माझ्या अश्विनीला डिप्लोमा झाल्यावर चाकणला मशीनवर काम मिळालं. सेकंड शिफ्ट, नाशिक फाट्यावरून कंपनीची बस. मी नको म्हणून बसलो. मुलीच्या जातीला शॉप फ्लोअर कशाला, ऑफिसात बघू काहीतरी, असं माझं चाललं होतं. तू भिंतीवरून सगळं ऐकत होतास, ऐकत नसल्याचं नाटक न करता.

"फिक्स्चर काढ, इन्स्पेक्टर," तू म्हणालास. "वाकंल थोडी. मग उभी ऱ्हाईल."

ती काही वाकली नाही. आज ती आख्खी लाइन सांभाळते आणि घरी येऊन मला सांगते की बाबा, तुमच्या वेळची क्वालिटी आणि आताची क्वालिटी यात फरक आहे. तुझे हे उपकार आहेत माझ्यावर. मी कधी बोललो नाही, पण पहिल्या पगाराचे पेढे मी तिला आधी तुझ्या घरी द्यायला लावले, त्यावरून तुला समजलंच असेल.

सगळंच गोड होतं असं म्हणणार नाही. हे झाड सदाहरित आहे, त्याची पानं गळत नाहीत, असं तू मालतीला छातीठोकपणे सांगितलं होतंस. गळत नाहीत कशी? चैत्रात नवी तांबूस पालवी फुटायला लागली की जुनी सगळी खाली. झाड हिरवंच दिसतं, म्हणून तुझं म्हणणं कागदोपत्री खरं. झाडणारा मात्र मी. पानं चिवट, कुजायचं नाव नाही, मोरीच्या जाळीवर जाऊन बसायची. मी वैतागून ती पोत्यात भरायचो, पोत्याला कंपनीतलं लाल लेबल लावायचो, 'रिजेक्ट', आणि तुझ्या फाटकात ठेवायचो. संध्याकाळी पोतं रिकामं माझ्या दारात, आणि पानं पुन्हा झाडाच्या बुडाशी पसरलेली. "त्याचं त्याला," एवढंच तू म्हणायचास. मी म्हणायचो, "झाड तुझं आणि कचरा माझा, ही कुठली पद्धत?"

मालतीचं वाळवण गेलं ते वेगळंच. अंगणात उन्हाचा तुकडा राहिला नाही, मग कुरडया आणि सांडगे घेऊन ती उन्हाळ्यात सुमनवहिनींच्या गच्चीवर जायला लागली. दोघी मिळून राखण करायच्या. त्यासाठी तिला आपल्या फाटकातून बाहेर पडून, रस्त्यानं फिरून, तुमच्या फाटकातून आत जावं लागायचं. पीठ डोक्यावर घेऊन ती दरवेळी म्हणायची, की या भिंतीत एक दार ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. पण ती भिंत तुझी. तू स्वतः उभा राहून बांधून घेतलेली, एक थर ओळंब्यात नाही म्हणून गवंड्याला उतरवायला लावलेली. तीत तू मला साधा खिळा ठोकू दिला नाहीस, दार कुठून?

रिटायर झाल्यावर आपली बसायची जागा ठरून गेली. तू तुझ्या बाजूला, मी माझ्या, मध्ये भिंत, वर झाड. वारा आला की पानं उलटी व्हायची आणि त्यांची पांढरट बाजू चमकायची. त्यावेळी तू बोलणं थांबवायचास. मला तुझं फक्त डोकं दिसायचं, बसलास की तेही नाही, नुसता आवाज. किती काय बोललो आपण! बहुतेक फालतूच. पाणी कमी दाबानं येतं, अमक्याचा मुलगा परदेशी गेला, कोणत्या साहेबानं आपल्याला कसं गंडवलं. मला आता त्यातलं धड काही आठवत नाही आणि त्याचं वाईट वाटतं. बोलायला माणूस आहे हे इतकं गृहीत धरलेलं होतं की काय बोललो ते साठवून ठेवायचं सुचलंच नाही.

भिंतीला चीर पडली ती गेल्या वर्षी. मी बघितलीही नव्हती. तू फीलर गेज घेऊन आलास, फट मोजायच्या त्या पातळ पट्ट्या, आणि चिरेत एकेक घालून बघायला लागलास. दर महिन्याला मोजायचास. आकडा विचारला तर सांगायचा नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण चांगला आकडा तू कधी लपवला नव्हतास.

दिवाळीच्या सुमारास तुझ्या पोटाच्या दुखण्याचं निदान झालं. ऑपरेशन करून घरी आलास तो अर्धा होऊन. वहिनी तुला खुर्चीत आणून बसवायच्या. आणि एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला.

"इन्स्पेक्टर, झाड काढून टाकू."

मला वाटलं चेष्टा करतोयस. "का? पानं झाडायला मी कंटाळलो नाही अजून."

"मुळी भिंतीला उचलायल्यात. आज भिंत, उद्या तुझं घर. अजून हे कायबी न्हाई, हे झाड लई मोठं व्हणार हाय. मी असतो तर नजर ठिवली असती. तू एकटा काय करशील?"

"एकटा म्हणजे? तू कुठं चाललास?"

तू वहिनींना हाक मारून आत गेलास. मी खराटा उचलला.

त्यानंतर तू हट्टालाच पेटलास. दापोडीहून फांद्या तोडणाऱ्या माणसाला बोलावलंस, तो झाडाभोवती फिरून गेला. झाड काढायचं तर महापालिकेची परवानगी लागते आणि त्यासाठी जागेच्या मालकाची सही. मालक मी. मी सही केली नाही. तू चिडलास.

"माझं झाड हाय. मी लावलंय, मीच काढणार."

"झाड तुझं असेल, जमीन माझी आहे."

"आजवर तर कचरा कचरा म्हणून बोंबलत हुतास!"

"बोंबलणार. पण काढणार नाही."

"कामून? एक कारण सांग."

मी सांगितलं, सावली पडते, मालतीला सवय झालीय, इतकी वर्षं वाढवलेलं झाड असं कोण तोडतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "ह्ये तुझं कारण न्हाई. तुझं काम नापास." वहिनी आतून ओरडल्या, आता पुरे, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. भांडण तिथंच राहिलं. पुढं कधी मी येऊन तुझ्या पलंगाशी बसलो तरी आपण क्रिकेटवर बोललो.

खरं कारण तुझ्या जिवंतपणी माझ्या तोंडून निघालं नाही, ते आता सांगतो. झाड काढायला मी हो म्हटलं असतं, तर तू जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. तू आवराआवर करायला लागला होतास. बँकेचं वहिनींना समजावलंस, हत्यारांची पेटी अश्विनीला दिलीस, आणि त्या आवरण्यात झाड होतं. मला त्यात हात लावायचा नव्हता. मला वाटत होतं, मी सही अडवून धरली की तूही अडकून राहशील. शहाण्या माणसानं असं समजू नये, पण मी समजत होतो. इतका जीव होता रे माझा तुझ्यावर, आणि तो मी तुला सगळी वर्षं खोडी काढून दाखवला.

तू गेलास. सही अडवून काही अडलं नाही. तेराव्यापर्यंत मी झाडाकडं धड बघितलं नाही. मग पाहुणे गेल्यावर बघितलं तर चिरेत माझं बोट जात होतं आणि भिंत तुमच्या अंगणाकडं कललेली. पाऊस जवळ आलाय, अशी भिंत ठेवता येत नाही. वहिनी तिच्या खालीच उभ्या राहून तुळशीला पाणी घालतात. तू म्हणत होतास ते खरं निघालं, आणि माझं खरं कारण तर तुझ्याबरोबरच संपलेलं. मी मालतीला म्हटलं, दिगंबरचं ऐकायचं, सही करतो.

मालती म्हणाली, "आधी खाली काय आहे ते तरी बघा. नुसतं वरून नापास करायची सवय."

रविवारी अश्विनीला सुट्टी होती. आम्ही दोघांनी भिंतीच्या कडेनं खणायला घेतलं. माझी कंबर पहिल्या अर्ध्या तासात बसली, पुढं सगळं तिनं खणलं. आधी घराच्या बाजूला. तिथं बोटाएवढ्या मुळ्या, त्याही पायाच्या अलीकडंच वळलेल्या. मग भिंतीच्या बाजूला. तिथं मांडीएवढं मूळ भिंतीखालून सरळ तुमच्या अंगणात गेलेलं, पाण्याच्या टाकीच्या ओलाव्याकडं. भिंत त्यानं खालून उचललेली. माझ्या घराला काही नव्हतं, दिगंबर. धोका फक्त भिंतीला होता.

मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. दर महिन्याला गेज लावणाऱ्या तुला हे कळलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तुला ठाऊक होतं की झाड राहिलं तर भिंत जाणार. मग माझ्या घराचं निमित्त कशाला सांगितलंस? तुझी भिंत तुला जिवापलीकडं प्यारी होती, हे एक झालं. पण ज्या माणसानं या झाडासाठी बायकोशी बोलणं टाकलं, तो विटांसाठी ते तोडायला निघणार नाही. अश्विनीच म्हणाली ते. फावडं टेकवून म्हणाली, "बाबा, काका गेल्यावर काकू एकट्या राहणार. एकट्या बाईच्या घराला भिंत असावी, असं त्यांना वाटलं असेल."

हे माझ्या मुलीला मला सांगावं लागलं.

झाड काढलं तर तुझी इच्छा राहते आणि भिंत राहते. झाड ठेवलं तर तुझी भिंत माझ्या हातानं पाडायची, आणि तीही तुझी चिता थंड होते न होते तोवर. वहिनींना विचारायचं कसं? मी दोन दिवस त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. खड्डा त्यांनी भिंतीवरून बघितला होता.

"भाऊजी, खणून ठिवलंय ते काय करायलाव?"

मी सगळं सांगितलं. मूळ कुठं गेलंय, भिंत का कललीय, तू काय म्हणाला होतास आणि बहुधा का म्हणाला होतास. तुझी खुर्ची अजून तिथंच होती, त्यांनी तिच्यावर धुतलेली भांडी पालथी घातली होती.

"त्यांनी मलाबी तेच सांगिटलं हुतं," त्या म्हणाल्या. "भिंत सोडू नको म्हणून. मी तवा हो म्हनले. आजारी मानसाला काय न्हाई म्हनायचं?"

"मग?"

"मग काय. भिंत हाय तरी मी एकटीच हाय की. बारा दिस घर भरलेलं हुतं, तवा कळलं न्हाई. आता संध्याकाळी दिवा लावते अन् बसते, तर पलीकडं तुमी समदे बोलायलेलं ऐकू येतंय, दिसत कुणी न्हाई." त्यांनी खुर्चीवरचं एक भांडं उचलून सुलट केलं. "झाड त्यांनी हातानं पाणी घालून वाढवलंय. ते ठिवा. भिंत पाडा."

काल गवंडी आला. भिंत पाडायला दिवस गेला, इतकी पक्की बांधून घेतली होतीस. विटा निघेनात, प्लास्टर सुटेना, गवंडी तुला शिव्या घालत होता आणि मला अभिमान वाटत होता. मुळाला धक्का न लावता त्यानं खालचा थर काढला. ती जागा मातीनं भरून घेतली. पुढं दोन्ही फाटकं पक्की करू, रस्त्याच्या बाजूला चांगलं कुंपण घालू, वहिनींच्या दाराला नवी कडी लावू, ते मी बघतो. दोन्ही घरांचं मिळून अंगण बरंच मोठं झालंय, झाडाला पुष्कळ वर्षं पुरेल. ते किती मोठं होणार हे बघायला मीही नसणार, अश्विनी असेल.

तुझं ऐकलं नाही, दिगंबर. भांडण मी जिंकलो आणि ते सांगायला तू नाहीस, म्हणून जिंकल्यासारखं वाटत नाही. पण तुला ज्याची काळजी होती त्याचं आज सकाळचं ऐक. सुमनवहिनी घरातून निघाल्या, झाडाखालून सरळ चालत आमच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात आल्या. हातात वाटीभर तांदूळ होते.

"एकटीसाठी कुकर लावू वाटंना गं," त्या मालतीला म्हणाल्या. "तुमच्यात टाक."

मालतीनं वाटी घेतली आणि मोठा कुकर खाली काढला.